आपण हसतो एकीकडे, अडतं दुसरीकडे

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत यंदा पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त वेळ इंग्रजीवर गेला. विषय साधा होता. रविवारी सकाळी खालचा हॉल एका स्पोकन इंग्लिशच्या सरांना भाड्याने द्यायचा की नाही? सरांचं पत्रक सगळ्यांच्या हातात होतं: अस्सल ॲक्सेंट, रोज वीस नवे शब्द, तीन महिन्यांत फाडफाड, आणि तळाला बारीक अक्षरात, वर्गात मराठी बोलल्यास पाच रुपये दंड. बी विंगमधल्या एक बाई उठल्या. आपली मुलं कितीही हुशार असली तरी तोंड उघडलं की गावची वाटतात, म्हणून ॲक्सेंट हवाच, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मागच्या रांगेतले एक काका तापले. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली, जपानी माणूस कधी लाजतो का, आपण आपल्या पद्धतीने बोलू, समजून घेणं हे त्यांचं काम. टाळ्या दोघांनाही पडल्या. मजा अशी की त्या दीड तासात 'सोसायटी' आणि 'कमिटी' हे शब्द शंभरदा तरी आले असतील, आणि एकानेही, ॲक्सेंटवाल्या बाईंनीसुद्धा, ते इंग्रज म्हणतो तसे म्हटले नाहीत. तो पहिल्या शब्दात 'साय'वर आणि दुसऱ्यात 'मि'वर जोर देतो आणि बाकीची अक्षरं जवळजवळ गिळून टाकतो. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कोणाला हसू आलं नाही. मागच्या बाजूला वॉचमन 'हापिस' म्हणाला तेव्हा मात्र दोन मुलं फिदीफिदी हसली.

माझं म्हणणं त्या दोन प्रसंगांतच आहे. उच्चारांच्या ज्या चुकांना आपण हसतो त्यांच्यामुळे ऐकणाऱ्याचं सहसा काही अडत नाही. ज्यांच्यामुळे अडतं त्यांना कोणी हसत नाही, कारण त्या आपण सगळेच करतो, हसणारेसुद्धा. शब्दांच्या बाबतीतही तेच आहे. त्यामुळे बाई आणि काका दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडत होते. ऐकणाऱ्याचं नेमकं कुठे अडतं ते शोधावं, तेवढंच नेटाने सुधारावं आणि बाकीचं सोडून द्यावं. आणि ते शोधायला हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे मराठी, जिच्यावर सर पाच रुपये दंड लावणार आहेत.

मी वीसेक वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा या हसण्याची यादी मला पाठ आहे. हापिस, टेशन, म्याडम, कालेज, ब्यांक. यातला एक तरी शब्द ऐकून समोरच्याला कळलं नाही असं कधी झालं आहे का? हे शब्द हसण्याजोगे ठरतात ते बोलणारा कोणत्या घरातून आला हे त्यातून कळतं म्हणून. आणि या बाबतीत ठाणेकरांनी तर जरा जपूनच हसावं. १७३७ पर्यंत इथे पोर्तुगिजांचा अंमल होता. पगार, चावी, बटाटा, इस्त्री, घमेलं ही त्यांची पुंजी आपण घेतली, आपल्या जिभेला सोयीची करून घेतली, आणि लिस्बनमध्ये 'पगार' कसा म्हणतात याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. इंग्रजांनी तरी वेगळं काय केलं? त्यांनी साष्टीला सालसेट म्हटलं, वसईला बॅसीन म्हटलं, आणि त्यांच्या जुन्या कागदांत ठाणं 'टान्ना' म्हणून येतं. 'ठाणे' या दोन अक्षरी नावात ठ आणि ण असे दोन वर्ण आहेत आणि इंग्रजीत दोन्ही नाहीत. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून इथवर आली, तिच्यातल्या साहेबांना आपण मुक्कामाचं नाव नीट म्हणत नाही याची लाज वाटली असेल असं मला वाटत नाही. आजही परदेशी पाहुणा आपलं स्पेलिंग वाचून 'थेन' म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. त्याच स्पेलिंगचा, सरदार अशा अर्थाचा एक जुना शब्द त्याच्या भाषेत आहेच.

इथवर काकांना माझं बोलणं गोड लागेल. पण बाईंच्या म्हणण्यात जो दम आहे तो काकांनी ऐकूनच घेतला नाही. दरवाजावर पहारा आहे, हे खरं आहे. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत मुलाखतीला गेलेल्या पोरांना विचारा. तिथे 'एमटीआय' नावाची एक नोंद असते, मदर टंग इन्फ्लुअन्स. डॉक्टरने रक्तातली साखर लिहावी तशी उमेदवाराच्या बोलण्यातली मातृभाषा कागदावर लिहिली जाते, जास्त निघाली की बाहेर. दिघ्याच्या चाळीतून आलेल्या मुलाला 'उच्चाराचं काही नसतं रे, आत्मविश्वास हवा' असं सांगणं म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसाने एकादशीचं माहात्म्य सांगणं. ज्याला तो दरवाजा ओलांडायचा आहे त्याला आपण तत्त्वज्ञान देऊन चालणार नाही. आणि गुलामीचा मुद्दा? विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणाले, ते सगळ्यांच्या तोंडी आहे. पण सावित्रीबाई फुल्यांनी त्याच्याही आधी आपल्या कवितेत इंग्रजीला 'माउली' म्हटलं होतं, ते फार थोड्यांना आठवतं. ज्यांना संस्कृतच्या दारात उभं केलं जात नव्हतं त्यांच्यासाठी ही परकी भाषा सुटकेची वाट होती. त्या मुलांच्या आयांनी इंग्रजीसाठी धावाधाव केली तर तिला गुलामी म्हणण्याचा अधिकार मला किंवा काकांना कोणी दिला?

म्हणजे दरवाजा खरा, धाव खरी. पण त्या दरवाजातून जायला 'अस्सल ॲक्सेंट' लागतो, हे मात्र खोटं. मुळात अस्सल म्हणजे कोणाचा? इंग्लंडमध्येच हा प्रश्न सुटलेला नाही. १९२६ मध्ये बीबीसीने निवेदकांनी काय कसं उच्चारावं हे ठरवायला एक समिती नेमली. अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, आणि त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ, म्हणजे चक्क आयरिश माणूस. पुढे युद्धाच्या धामधुमीत, १९४१ मध्ये, यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तर त्यांच्या गावाकडच्या हेलावर श्रोत्यांनीच तक्रारी केल्या. बॉम्ब पडत असताना लोकांना बातमी वाचणाऱ्याच्या स्वरांची चिंता! 'कार' मधला शेवटचा 'र' म्हणू नका, असं आपल्याकडचे काही सर मोठ्या थाटात शिकवतात. तो र अमेरिकन म्हणतो, स्कॉटिश म्हणतो, आयरिश म्हणतो, आणि अठराव्या शतकाच्या आधी बहुतेक इंग्रजही म्हणत. मराठी माणसाचा खणखणीत र हा कशाने दोष ठरला? तो फक्त आजच्या बहुतेक इंग्लंडच्या सवयीशी जुळत नाही, एवढंच.

आणि हे नुसतं मत म्हणून मी सांगत नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. चिनी मातृभाषेच्या लोकांचं इंग्रजी बोलणं इंग्रजी भाषकांना ऐकवलं, ऐकलं ते शब्दशः लिहून काढायला सांगितलं, आणि शिवाय हेल किती जाणवला त्याला गुण द्यायला सांगितलं. हेल फार जड आहे असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं त्यांचीही कित्येक वाक्यं लोकांनी बिनचूक लिहून काढली होती. परकं वाटणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. दुसऱ्या एक अभ्यासक जेनिफर जेन्किन्स. त्यांनी दोन परकी माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा गाडी कुठे अडते ते पाहिलं आणि २००० मध्ये मांडलं. काकांचं 'समजून घेणं त्यांचं काम' इथेच कोसळतं. कारण 'ते' म्हणजे साहेबच, असं आता राहिलेलं नाही. नवी मुंबईतल्या पोराचा फोन पुष्कळदा फिलिपिन्सचा, पोलंडचा, नाहीतर चेन्नईचा माणूस घेतो, त्याचंही इंग्रजी शिकलेलंच असतं. जेन्किन्सबाईंच्या नोंदीत 'थिंक' मधला आपला थ किंवा 'दिस' मधला आपला द यांनी फारसं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते स्वर लांबवण्या-तोकडे करण्यात, शब्दाच्या सुरुवातीच्या प-ट-क मध्ये, जोडाक्षरं मोडण्यात आणि वाक्यात भलत्याच शब्दावर जोर देण्यात. आता बघा, आपल्या हसण्याच्या यादीत यातलं काय आहे?

प-ट-क चं प्रकरण मला भाच्यामुळे कळलं, आणि शिक्षक असून तोवर कळलं नव्हतं हे कबूल करतो. तो कळव्याला राहतो, रात्रपाळीला ऐरोलीला जातो, अमेरिकेतल्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घेतो. एका रविवारी वैतागून आला. ग्राहक बाईंचं नाव पॅट. हा नाव वाचून खात्री करायला जातो तर बाई म्हणतात, बॅट नाही, पॅट. हा पुन्हा म्हणतो पॅट. त्या पुन्हा म्हणतात, बॅट नाही हो! "आवाज चढवला मामा, तरी तिला बॅटच ऐकू येतंय," तो म्हणाला, "माझ्या तोंडात काय बिघाड आहे?" बिघाड काही नव्हता. इंग्रज शब्दाच्या सुरुवातीला प म्हणतो तेव्हा सोबत हवेचा एक झोत सोडतो, आणि प की ब हे ओळखायला त्याचा कान त्या झोताचीच वाट बघत असतो. आपला प स्वच्छ, कोरडा. झोत नाही, म्हणून त्याला तो ब वाटतो. आवाज कितीही चढवा, झोत येत नाही तो येतच नाही. हवेचा झोत सोडून म्हटलेल्या प ला मराठीत नाव आहे, फ. मात्र हल्लीची मुलं दात ओठावर टेकवून जो फ म्हणतात तो नव्हे. माझी आई दापोलीकडची. ती फणस म्हणते तेव्हा तिचे दोन्ही ओठ मिटतात आणि मग वारा सुटतो. मी भाच्याच्या तोंडासमोर विजेच्या बिलाचा कागद धरला. त्याच्या 'पॅट' ला कागद हलला नाही. आजीला फणस म्हणायला लावलं, कागद फडफडला. 'आता आजीच्या फ ने पॅट म्हण.' चार-पाच वेळा त्याला हसू आवरेना, मग जमलं. ट च्या जागी आपला ठ आणि क च्या जागी ख, असं थोडं तिकडे झुकलं की 'टाइम' चं 'डाइम' ऐकू जाणं थांबतं. स नंतर मात्र झोत लागत नाही; 'स्पिन' आणि 'स्कूल' मध्ये आपलाच प, आपलाच क बरोबर. हे सगळं ज्या भाषेत प-फ, ट-ठ, क-ख असे वेगळे वर्ण आहेत तिच्या मुलाला पाच मिनिटांत शिकवता येतं. फ्रेंच मुलाला ते समजावायला नाकी नऊ येतील. आणि वर्गात फणस म्हटलं की पाच रुपये दंड!

अशी आणखीही पुंजी आहे. 'बॅट' आणि 'बेट' यांतला फरक दाखवायला आपल्याकडे ॲ आहे, आणि बेटाला समुद्रही आहे. हा ॲ आणि ऑ तर २००९ च्या शासन निर्णयाने रीतसर वर्णमालेत बसले. 'झू' मधला तो घासून निघणारा आवाज आपल्या 'माझा' मध्ये रोज निघतो. व्हॅन आणि वॉच आपण वेगळे लिहितो, म्हणजे लिपीला फरक ठाऊक आहे, तोंडच एक करून टाकतं; एकदा वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, एकदा ओठांचा चंबू करा, एवढंच काम. (हे एक हसण्याच्याही यादीत आहे आणि कधीमधी अडतंही, हा माझ्या सिद्धांताला अपवाद.) जिथे मराठी खरोखर दगा देते ती जागा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. कागदावर आपण इ-ई वरून भांडणं करतो, पण बोलताना दोघींतला फरक कधीच पुसला गेला आहे. शुद्धलेखन पाठ करावं लागतं ते त्यामुळेच. म्हणून 'फिल' आणि 'फील', 'लिव्ह' आणि 'लीव्ह' आपल्या कानाला एकच. 'मला इथे राहायचं आहे' म्हणायला जावं आणि 'मला इथून निघायचं आहे' ऐकू जावं, ही साधी चूक नाही. आणि या चुकीला आमच्या हॉलमध्ये कोणी हसलं असतं का? कोणाला ऐकूच आली नसती.

पण खरं घोडं पेंड खातं ते आघातावर, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा त्यावर. मराठीत आपण शब्दातलं प्रत्येक अक्षर पानावर नीट वाढतो. इंग्रजी पक्की पंक्तिप्रपंच करणारी. एका अक्षराला तुपाची धार, आणि बाकीच्यांच्या पानात आमटीचं पाणी. 'फोटोग्राफ' मध्ये मान पहिल्या अक्षराचा, 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्याचा, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्याचा. ज्यांचा मान गेला त्यांतले बहुतेक स्वर पुसट होऊन आपल्या साध्या अ सारखे होतात. ऐकणारा शब्द ओळखतो तो या चढउतारावरून. आपण सगळी अक्षरं सारखी वाढली किंवा तूप भलत्याच पानात ओतलं, तर प्रत्येक वर्ण अचूक असूनही त्याला शब्द सापडत नाही. एमटीआयच्या रकान्यात ज्याला 'काहीतरी खटकतंय' म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं, पण क्लासवाले शिकवत बसतात गोलगोल र.

हे शिकवायचं कसं? मी निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी एक युक्ती केली, फार उशिरा सुचली. नववी-दहावीची मुलं मराठीच्या तासाला वृत्तं शिकत, यमाताराजभानसलगं म्हणत गण पाडत. मी तोच गण इंग्रजीच्या तासाला आणला. जोर असेल तिथे गुरू, नसेल तिथे लघू. 'कमिटी' : ल गु ल, ज गण. 'डेव्हलप' : ज गण. 'डिपार्टमेंट' : तोही ज गण. 'मॅनेजर' : गु ल ल, भ गण. 'कम्फर्टेबल' आपण चार-पाच अक्षरांत ताणतो, इंग्रज त्याचे तीन तुकडे करतो, 'कम्फ्-ट-बल', पुन्हा भ गण. 'इंजिनिअर' : ल ल गु, स गण, आणि आपण जोर देतो पहिल्या 'इं'वर. 'सोसायटी' : ल गु ल ल. मात्रा आणि आघात एक नव्हेत, वृत्तशास्त्राचे जाणकार माझा कान धरतील, धरू देत. मुलं मात्र बाकावर टकटक करत शब्द म्हणायला लागली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघत असे, त्याने स्वतःहून विचारलं, "सर, 'हॉटेल' मध्ये गुरू दुसरा ना?" दुसराच. इंग्रजीचा नियम त्याला मराठीच्या छंदात सापडला. कोणत्या दंडाने हे झालं असतं?

या चुका आपल्यात आल्या कुठून, तेही बघायला हवं, नाहीतर पोरांवरच खापर फुटतं. आमची पिढी पाचवीला इंग्रजी शिकली, तीही फळ्यावरून. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, पण पहिलीच्या बाईही फळ्यावरूनच शिकलेल्या. आणि इंग्रजीचा फळा फसवा. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू गोठली, आणि नेमके त्याच काही शतकांत इंग्रजांचे दीर्घ स्वर जागा सोडून सरकत होते. छापील शब्द जुन्या घरात राहिला, उच्चार नव्या घरात गेला. 'डेट', म्हणजे कर्ज, यात ब तर कधी उच्चारलाच जात नव्हता. लॅटिन पंडितांनी मुळाची आठवण म्हणून तो नंतर घुसडला. देवनागरीवर वाढलेलं मूल जसं लिहिलं तसं वाचतं, कारण वाचताना त्याच्या लिपीने त्याला सहसा दगा दिलेला नाही. ते 'वेडनसडे' म्हणतं यात त्याचा काय दोष?

आता ते रोजचे वीस शब्द. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, अठराशे शब्द. आकडा भारदस्त आहे, आणि शब्दसंग्रह लागतोच हे मला मान्य आहे. न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने वर्तमानपत्र किंवा कादंबरी अडखळल्याशिवाय वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) लागतात. पण कोणते शब्द आधी? हा विचार नेटाने करणाऱ्या पहिल्या काही जणांतला मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षण खात्यात होता. बंगाली मुलांच्या हातात अशी इंग्रजी पुस्तकं होती की ओळीओळीला नवा अवघड शब्द, आणि तो पुन्हा कधी भेटायचाच नाही. त्याने मोजके, सतत भेटणारे शब्द घेऊन वाचनमाला केल्या. १९५३ मध्ये त्याची दोन हजार शब्दांची यादी आली. साध्या लिखाणातला सुमारे ८० टक्के मजकूर त्या दोन हजारांतच उरकतो. ही कल्पना आपल्याच मुलांच्या हालांतून निघाली, आणि आपले क्लास अजून उलट्या टोकाने चालले आहेत.

मीही त्यातलाच. माझ्या वर्गात शब्दांची वही असे, रोज दहा शब्द, अर्थ मराठीत, शुक्रवारी परीक्षा. एका हुशार मुलीच्या वहीत 'मॅग्नॅनिमस' आणि 'युबिक्विटस' मोत्यासारख्या अक्षरात होते. मी सहज विचारलं, दूध उतू गेलं, हे इंग्रजीत सांग. ती गप्प. वर्ग गप्प. 'बॉइल' तिला येत होता, 'ओव्हर' येत होता. दोन्ही जोडून 'बॉइल ओव्हर' होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. 'रन आऊट' तर गल्लीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक, त्यावरून मारामाऱ्या होतात. पण घरातली साखर संपली की इंग्रजीत तीही 'रन आऊट' होते, हे त्याच पोरांना कळल्यावर त्यांचे डोळे बघण्यासारखे झाले. शब्द एकटा राहत नाही, त्याची सोयरीक बघावी लागते. आपला चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक. इंग्रजीत चहा स्ट्राँग, ऊन हार्श, शिस्त स्ट्रिक्ट. वहीत 'कडक म्हणजे स्ट्रिक्ट' लिहिणारा माणूस एक दिवस स्ट्रिक्ट चहा मागणार. आणि एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ १८८५ मध्ये दाखवून गेला की पाठ केलेलं झपाट्याने विसरतं, थोड्या-थोड्या दिवसांनी पुन्हा भेटलं तर टिकतं. शुक्रवारच्या परीक्षेनंतर 'मॅग्नॅनिमस' पुन्हा कधी कोणाला भेटला?

इथेही आपण हसतो एकीकडे आणि अडतं दुसरीकडे. 'मी गोड चहा ईट केला' म्हणणाऱ्याला सगळे हसतात, आणि चहा पोटात गेला हे सगळ्यांना कळतं. पण मीटिंगमध्ये आपला इंजिनिअर नम्रपणे 'आय हॅव अ डाऊट' म्हणतो. त्याला म्हणायचं असतं, एक शंका विचारू का. परदेशी माणूस ऐकतो, तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. 'आय पास्ड आऊट इन टू थाउजंड नाइन्टीन' म्हटलं की अमेरिकन मनात म्हणतो, बिचारा, त्या वर्षी बेशुद्ध पडला होता. इंग्रजी माध्यमातली, सफाईदार बोलणारी मंडळी हे रोज म्हणतात, आणि कोणीही हसत नाही.

बाईंचा शेवटचा मुद्दा उरतो: वर्गात मराठी आली की मुलं मराठीतच विचार करतात, म्हणून दंड हवा. यात थोडं तथ्य आहे. सवय मोडायला भाषेत बुडावं लागतं, आणि जो शिक्षक तासभर मराठीतून इंग्रजी समजावतो तो इंग्रजी शिकवत नाही, इंग्रजीविषयी कीर्तन करतो. मी अशी कीर्तनं केली आहेत. पण दंडाने मूल इंग्रजी बोलायला लागत नाही, गप्प बसतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी, दोन स्तंभांत छापली. डोळा इकडून तिकडे जाई, तिकडून इकडे येई. त्यानंतरच्या किती पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकल्या! त्या पद्धतीत बोलणं नव्हतं, कानाला काही नव्हतं, ही उणीव मोठीच. पण मराठी ही तिथे वजनाचं दुसरं पारडं होती. आज पारडं फेकून वजन करायचा आग्रह चालला आहे.

म्हणून सभेनंतर मी कमिटीला एक पानाचं पत्र दिलं. हॉल द्यावा, पण अटींवर. दंडाचं कलम काढावं. पहिल्या महिन्यात र ला हात लावू नये. प-ट-क, लांब-आखूड स्वर आणि आघात एवढंच घ्यावं, त्यासाठी फक्त एक कागद लागेल आणि शक्य झाल्यास एक आजी. रोज वीसऐवजी पाच शब्द, तेही सोयरिकीसकट, आणि ते आठवडाभर पुन्हापुन्हा भेटले पाहिजेत. मुलांनी एकमेकांचं बोलणं ऐकून लिहून काढावं, म्हणजे कुठे अडलं ते कागदावरच दिसेल. हसलं कोण याची नोंद ठेवू नये. सेक्रेटरी साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, तुमचं मत क्लासच्या बाजूने आहे की विरुद्ध, तेवढं एका शब्दात सांगा, मिनिट्समध्ये दोनच रकाने आहेत." मी सांगू शकलो नाही. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.